झोपलेली डबी किती खाते

पोरी, नेऱ्याच्या शेतात ओल मोजणारी डबी बसवायची म्हणतेस, तर एक गोष्ट आधी ध्यानात घे. ती डबी दिवसातला जवळजवळ सगळा वेळ झोपलेली असणार आहे. पाव तासाला एकदा उठेल, मातीत ओल किती आहे ते बघेल, तो आकडा घराकडे धाडेल आणि पुन्हा झोपेल. एका खेपेला सव्वा सेकंद धर. म्हणजे दिवसात ९६ वेळा उठूनही जागेपण फार तर दोन मिनिटांचं. बाकीचे तेवीस तास अठ्ठावन्न मिनिटं सेल कोण खातं, हे ज्याला कळलं त्याला लो-पॉवरचं काम कळलं. तुम्ही पोरं नेमकी उलटी सुरुवात करता. चिप उठल्यावर काय काय करेल याचा प्रोग्राम चार दिवस लिहिता आणि झोपेची एक ओळ शेवटी चिकटवता.

भोसरीला मीटरच्या टेस्ट बेंचवर माझं आयुष्य गेलं, म्हणून हे इतक्या ठामपणे सांगते. पाण्याचा मीटर जमिनीखालच्या खड्ड्यात, ओलीत बसतो आणि त्यानं एका सेलवर दहा वर्षं काढावीत अशी अपेक्षा असते. पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेत नळांवर जे दुरून वाचता येणारे एएमआर मीटर बसले, त्या जातीच्या मीटरांचं सगळं गणित याच झोपेवर उभं असतं. तू जी चिप आणलीस ना, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एमएसपी४३०, तिचं घराणंही तेच. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या फ्रायझिंगच्या केंद्रात ती आकाराला आली, ती बॅटरीवर चालणाऱ्या मापनयंत्रांसाठीच. त्यामुळे कॉलेजातली मुलं 'जुनी चिप' म्हणून नाक मुरडतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. आपल्या कामाला ती चोख आहे. वीस पायांची, ब्रेडबोर्डवर बसणारी जी२५५३ मिळते, म्हणजे हातानं शिकता येतं.

आता तिची डेटाशीट काढ. पहिल्या पानावर ठळक आकडे असतात: १.८ ते ३.६ व्होल्ट, १ मेगाहर्ट्झ आणि २.२ व्होल्टला जागेपणी २३० मायक्रोअँपिअर, स्टँडबायमध्ये ०.५, सगळं बंद करून फक्त रॅम जपली तर ०.१. हे आकडे खरे आहेत. पण ते कुठल्या अटीवर खरे आहेत, ते आतल्या तक्त्यात वाचायचं. ०.५ मिळतो तो चिपच्या आतल्या व्हीएलओ नावाच्या कच्च्या घड्याळावर. ते घड्याळ नावाला १२ किलोहर्ट्झचं, पण डेटाशीटच सांगते की ४ ते २० मध्ये कुठेही असू शकतं. म्हणजे तुझा पाव तास एखाद्या चिपवर नऊ मिनिटांचा होईल, एखादीवर पाऊण तासाचा. बाहेरून ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल लावलास तर वेळ बरोबर राहते आणि खर्च ०.७ वर जातो. तेवढा जाऊ दे. मातीला पाच मिनिटं इकडेतिकडे चालतात, पण उद्या दुसरी डबी लावशील आणि दोघींना आळीपाळीनं बोलायला लावशील तेव्हा अचूक वेळ हवीच.

आणखी एक सवय लाव. प्रत्येक तक्त्यात 'टिपिकल' आणि 'मॅक्सिमम' असे दोन रकाने असतात. टिपिकल म्हणजे साधारण चिपचा, तोही बहुतेक वेळा २५ अंशाला. पंचवीस अंश एसीच्या खोलीत. आपल्या बांधावर मे महिन्यात बंद डबीच्या आत हात घालून बघ. सगळं बंद असताना ०.१ खाणारी हीच चिप ८५ अंशाला ०.८ खाते, आणि मॅक्सिममचा रकाना १.७ सांगतो. म्हणून डबी पांढरी घे आणि पिकाच्या किंवा बांधावरच्या झाडाच्या सावलीत बसव. यात चिपची बचत थोडी, सेलची जास्त. उष्णतेनं सेल आतल्या आत झिजतो.

आता सेल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊन नाही, त्यामुळे सोलरचा नाद सोड. शिवाय चकचकीत पॅनल बांधावर किती दिवस राहील कोण जाणे. मीटरमध्ये घालतात तोच लिथियम थायोनिल क्लोराइडचा सेल घे, ईआर१४५०५. आकार पेन्सिल सेलचा, ३.६ व्होल्ट, २४०० मिलिअँपिअर-तास. वर्षाला साधारण एक टक्का आपोआप झिजतो, म्हणजे हा वर्षानुवर्षं टिकणारा गडी आहे. पण याचे तीन स्वभाव सांभाळावे लागतात.

पहिला, नवा सेल मोकळा मोजलास तर ३.६७ व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि तुझ्या चिपची शिफारस केलेली मर्यादा आहे ३.६. जळायची मर्यादा वर ४.१ ला आहे, म्हणून थेट जोडूनही चिप चालते आणि पोरं म्हणतात, चालतंय की! पण मर्यादेबाहेर चालवलेल्या चिपबद्दल डेटाशीट कसलाच शब्द देत नाही, आणि शेतात पाच वर्षं ठेवायच्या वस्तूला असा आधार नको. मध्ये ३ व्होल्टचा रेग्युलेटर टाक. दुसरा स्वभाव, हा सेल बराच काळ पडून राहिला की आतल्या लिथियमवर एक पातळ थर धरतो. मग एकदम जास्त करंट मागितलास तर व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि चिप रीसेट होते. सेलला समांतर एक मोठा, कमी गळतीचा कपॅसिटर लाव. ट्रान्समिटचा धक्का तो झेलेल आणि सेल त्याला सावकाश भरत राहील. तिसरा स्वभाव, हा शेवटपर्यंत ३.६ च दाखवतो आणि संपताना एकदम खाली जातो. म्हणजे व्होल्टेज मोजून 'किती उरला' हे कळत नाही.

हे तिसरं नीट धर, कारण त्यानं तुझ्या सर्किटमधली एक चोरवाट बंद होते. सेलचं व्होल्टेज बघायला १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकावर एक लावतात, सगळ्या पुस्तकांत तेच चित्र असतं. ३.६ भागिले दोन लाख, म्हणजे १८ मायक्रोअँपिअर, रात्रंदिवस. चिप ०.७ खाते आणि तिच्या सेलवर लक्ष ठेवणारे दोन रेझिस्टर १८ खातात! तेही अशा सेलवर, ज्याचं व्होल्टेज काही सांगतच नाही. काढून टाक ते. हवंच असेल तर डबी ट्रान्समिट करत असतानाच, तेवढ्यापुरता एका पिननं मार्ग जोडून सेल मोज. ओझ्याखाली व्होल्टेज किती वाकलं यावरून म्हाताऱ्या सेलचा थोडा अंदाज येतो. आणि किती वेळा ट्रान्समिट केलं याची मोजदाद प्रोग्राममध्ये ठेव. उरलेल्या सेलचा खरा हिशोब तिथे.

रेग्युलेटर कुठला, हा प्रश्न चिप कुठली याच्याइतकाच मोठा आहे. पुण्यात तपकीर गल्लीत पटकन मिळतो तो १११७ जातीचा घेतलास, तर तो काहीही काम नसताना स्वतःच पाचेक मिलिअँपिअर पितो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसलं प्रकरण होईल. तुझा २४०० चा सेल तीन आठवड्यांत रिकामा. एमसीपी१७०० माग, तो स्वतःला १.६ मायक्रोअँपिअर घेतो. मिळाला नाही तर वाट बघ, मागवून घे, पण दुसरा लावू नकोस.

आता मांड हिशोब, वहीत, पेनानं. झोपेत चिप ०.७, आकडा घराकडे धाडणारा लोराचा रेडिओ नीट झोपवला तर ०.२, रेग्युलेटर १.६. एकूण अडीच मायक्रोअँपिअर. वर्षाचे ८७६० तास धरले तर २२ मिलिअँपिअर-तास. सेल वर्षाला एक टक्का, म्हणजे २४, आपोआप गमावतो हे मघाशी म्हटलं. म्हणजे तुझी झोपलेली डबी सेलच्या स्वतःच्या झिजेपेक्षाही कमी खाते. इथवर पोहोचलीस की झोपेच्या मागे लागणं थांबव, यापुढे ०.७ चे ०.४ केलेस तरी सेलला त्याचा पत्ताही लागणार नाही.

मग जागेपणाकडे बघ. मातीतला कपॅसिटिव्ह सेन्सर जागा असताना पाचेक मिलिअँपिअर घेतो. त्याला ०.२ सेकंद दिलेस तर ९६ खेपांचे दिवसाला ०.०२७ मिलिअँपिअर-तास. किरकोळ. पण त्याची वीज चिपच्या पिनवरून किंवा छोट्या मॉस्फेटवरून तोड-जोड कर, कायम जोडून ठेवू नकोस. रेडिओ मात्र ३० मिलिअँपिअरला पूर्ण एक सेकंद बोलला तर दिवसाला ०.८. झोप दिवसाला ०.०६, सेन्सर ०.०२७ आणि रेडिओ ०.८! सेल कोण खातं ते कळलं ना? एकूण ०.८९ च्या आसपास, कागदावर सात वर्षं निघतील. ऊन, धक्के, जुनेपण धरून मी यातली निम्मीच खरी मानते.

रेडिओ एक सेकंद का बोलतो, तर लोरात जितकं लांब पोहोचायचं तितकं हळू बोलावं लागतं. स्प्रेडिंग फॅक्टर १२ ठेवलास तर दहा-बारा बाइटचा निरोप सेकंदभर चालतो, ७ ठेवलास तर सेकंदाच्या विसाव्या हिश्शात संपतो. वीसपट फरक. आणि ७ वर निरोप पोहोचवायला लागतं काय? बऱ्याचदा फक्त अँटेना उंच करणं. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना आहे. त्याला पाव तरंगाची तार साडेआठ सेंटिमीटरच्या थोडी वर भरते. ती ओल्या पिकात बुडवून ठेवलीस तर पानांतलं पाणीच ते तरंग शोषून घेतं. बांबूवर डोक्याच्या वर ने, घराकडची अँटेना गच्चीवर ने, आणि मग बघ किती खाली उतरता येतं. पावसाळ्यात पीक दाट असताना पुन्हा तपास. उन्हाळ्यात मोकळ्या रानात केलेली चाचणी भाद्रपदात उपयोगाची नाही.

याच रेडिओची दुसरी खोड. त्याला झोपवायला वेगळा हुकूम द्यावा लागतो. एसएक्स१२७६ झोपेत ०.२ मायक्रोअँपिअर घेतो, पण निरोप पाठवून झाल्यावर तो आपोआप स्टँडबायला येतो, आणि स्टँडबायला १.६ मिलिअँपिअर. हुकूम द्यायचा राहिला तर दिवसाला ३८ मिलिअँपिअर-तास गेले, म्हणजे दोन महिन्यांत सेल खलास. चिप बिचारी ०.७ वर गाढ झोपलेली असते आणि शेजारचा रेडिओ जागाच. बेंचवर डबी छान चालते, म्हणून हे कुणाला दिसत नाही.

दिसायला मोजावं लागतं, आणि मोजायचं कसं हे कुणी धड शिकवत नाही. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर टाकून सेलच्या वाटेत लावलास की मीटरच्या आत एक रेझिस्टर असतो, बऱ्याच मीटरांत १०० ओहमच्या घरातला. झोपेत अडीच मायक्रोअँपिअर वाहताना त्याच्यावर काहीच पडत नाही. पण चिप उठली, रेडिओनं नुसते २० मिलिअँपिअर ओढले तरी त्या रेझिस्टरवर दोन व्होल्ट पडले. चिपला उरला दीड. ती रीसेट होते, पुन्हा उठते, पुन्हा रीसेट होते, आणि तुला वाटतं प्रोग्राम चुकला. म्हणून मीटर लावताना त्याच्या दोन टोकांवर एक जाड तार क्लिपनं आडवी जोडून ठेव. डबी सुरू होऊ दे, निरोप जाऊ दे, ती झोपली की मगच तार काढ आणि आकडा वाच. पुन्हा उठायच्या आधी तार परत लाव. या चिपच्या लाँचपॅड बोर्डवर मोजत असशील तर प्रोग्रामरकडे जाणारे पाचही जंपर काढ, नाहीतर तिकडूनही वीज आत-बाहेर होते आणि आकडा भलताच येतो.

मीटर बरा नसेल तर कपॅसिटरनं मोज. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सेलनं भर, सेल काढ, डबीला झोपेतच त्याच्यावर जगू दे आणि घड्याळ लाव. एक व्होल्ट उतरायला १००० सेकंद लागले तर खर्च एक मायक्रोअँपिअर. ४०० सेकंद लागले तर अडीच. मात्र आधी तो कपॅसिटर नुसता भरून, काहीही न जोडता, किती गळतो ते बघून घे आणि तेवढं वजा कर. इलेक्ट्रोलिटिकची गळती याच मापाची असते. मधेमधे व्होल्टेज बघायला मल्टिमीटर क्षणभरच टेकव. तो १० मेगाओहमचा असला तरी कायम लावून ठेवलास तर स्वतः पाव-अर्धा मायक्रोअँपिअर पिईल.

आकडा अडीचच्या ऐवजी तीस-चाळीस आला तर घाबरू नकोस, पिना तपास. काही न जोडलेली पिन इनपुट म्हणून अधांतरी सोडली की तिचं व्होल्टेज मध्येच कुठेतरी तरंगतं, आतले वरचे आणि खालचे दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट उघडतात आणि सरळ वीज वाहते. बोट जवळ नेलं की आकडा हलतो, ही तिची ओळख. रिकाम्या पिना आउटपुट करून शून्यावर ठेव. आणि जी२५५३ च्या वीस पायांच्या चिपची खास गोष्ट: तिसरा पोर्ट बाहेर दिसत नाही, त्याला पायच नाहीत, पण आतल्या सिलिकॉनवर तो आहे. त्याच्याही पिना अधांतरी असतात. डेटाशीट सांगते की पी३आरईएन लावून त्यांचे पुलडाउन सुरू कर. हे बारीक अक्षरात आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी त्या ओळीवर बोट ठेवायला लावलंय.

प्रोग्राम चढवताना 'सगळी फ्लॅश पुसा' म्हणू नकोस. सेगमेंट ए मध्ये कारखान्यातून घातलेले आकडे असतात. १, ८, १२ आणि १६ मेगाहर्ट्झला चिपचं आतलं घड्याळ बरोबर चालावं म्हणून. ते पुसले की परत आणता येत नाहीत, स्वतः बसून जुळवावे लागतात. आणि घड्याळ १६ वर नेऊही नकोस. त्याला ३.३ व्होल्ट लागतात, तुझ्याकडे रेग्युलेटरनंतर तीनच आहेत. एक मेगाहर्ट्झ पुष्कळ झाला. झोपेतून उठायला या चिपला एक मायक्रोसेकंदही लागत नाही. थांबावं लागतं ते सेन्सरसाठी, आणि तेवढा वेळ चिपलाही पुन्हा झोपव.

ओलीचे आकडे डबीतच साठवायचे असतील तर फ्लॅशवर लिहू नकोस. तिला किमान दहा हजार वेळा लिहिण्या-पुसण्याची हमी आहे. दिवसाला ९६ म्हटलं तर एकाच जागी साडेतीन महिन्यांत संपली. त्यासाठी याच घराण्यातली एफआर मालिका घे, तिच्यात एफरॅम असते आणि ती लिहून लिहून झिजत नाही म्हटलं तरी चालेल. सी-डॅकच्या वेगा मालिकेतला तेजस३२ तू दाखवलास, आपल्या देशात आखलेला म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो आणि तू त्याच्यावर जरूर शिक. पण १०० मेगाहर्ट्झची ती धाव या डबीच्या कामाची नाही. उनो बोर्ड तर शेतात नेऊच नकोस. त्यावरची एटीमेगा३२८पी झोपेत ०.१ मायक्रोअँपिअरवर येते, पण भोवतीचा बोर्ड, त्याचा दिवा, त्याची यूएसबीची चिप मिळून ४५ मिलिअँपिअरच्या आसपास घेतात. दोन दिवसांत सेल रिकामा.

आता आपल्या पावसाचं. सोल्डर करून झालं की फ्लक्स राहतो, कोरड्या हवेत त्याचा त्रास नसतो. मृगानंतर तोच फ्लक्स ओल धरतो आणि दोन पट्ट्यांमध्ये दहा लाख ओहमची गुप्त वाट तयार करतो. तीन व्होल्टला तीन मायक्रोअँपिअर, म्हणजे सगळ्या झोपेचा खर्च दुप्पट झाला. क्रिस्टलच्या दोन पायांत असं झालं तर घड्याळच थांबतं, आणि मग डबी कधी उठतच नाही. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जुन्या टूथब्रशनं घास, क्रिस्टलच्या खाली आणि मागूनही. पूर्ण वाळव. मग त्यावर बोटं लावू नकोस, कॉन्फॉर्मल कोटिंगचा थर दे. डबीचं तोंड खाली येईल अशी बसव, तार खालून आत घे आणि आत जायच्या आधी तिला एक झोल दे, म्हणजे पाणी झोलावरून ठिबकेल.

सेन्सरचा आकडा कुठे गेला की वाफसा, हे मात्र चिपला विचारू नकोस, दादाला विचार. तो मूठभर माती दाबून सांगेल, त्याच वेळी डबीचा आकडा लिहून घे. भाजीच्या वाफ्यात वेगळा निघेल, भाताच्या खाचराच्या कडेला वेगळा.

सेल घालशील त्या दिवशी झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख, झोपेत मोजलेला करंट आणि स्प्रेडिंग फॅक्टर न पुसणाऱ्या पेननं लिही. दर दिवाळीला उघडून झोपेचा करंट पुन्हा मोज. वाढला असेल तर आधी ओल शोध, मग प्रोग्राम बघ. आणि संपलेला सेल बांधावर फेकू नकोस, शेकोटीत तर मुळीच नाही, तो फुटतो. चार्जरलाही लावायचा नाही. दोन्ही टोकांना टेप लावून घरी आण, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे मी देईन.